भ्रमाचा घरखर्च : इब्सेनचं 'द वाइल्ड डक'

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य हौशी रंगभूमीच्या पडद्यामागं काढलं. प्रॉम्प्टिंग, कपडेपट, तालमीच्या वेळा, हॉलचं भाडं, सगळं त्या बघत. अशा व्यक्तीच्या नावानं बोलायचं तर नाटकातल्या अशाच माणसांविषयी बोलावं, असं मी ठरवलं. सगळा डोलारा त्यांच्या कामावर उभा असतो आणि चर्चा मात्र दुसऱ्यांचीच होते. नाटक घेतलं आहे हेन्रिक इब्सेनचं 'द वाइल्ड डक', म्हणजे रानबदक.

इब्सेन म्हटला की आपल्याला आधी आठवते ती 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा. आपल्याकडे अनंत काणेकरांनी त्या नाटकावरून 'घरकुल' लिहिलं. त्याआधी १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं श्री. वि. वर्तकांचं 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगमंचावर आणलं. ते बेतलं होतं इब्सेनच्या समकालीन ब्यर्नसनच्या नाटकावर. पण दिवाणखान्यात घडणारं, नवरा-बायकोच्या नात्याला थेट हात घालणारं नॉर्वेकडचं नाटक मराठीत आलं ते याच वाटेनं. त्यामुळे नोरा आपल्या ओळखीची आहे. ती घर सोडून जाते त्या प्रवेशावर भरपूर बोललं गेलं आहे, आणि ते बोलायलाच हवं होतं. मला आज बोलायचं आहे ते घर न सोडणाऱ्या एका बाईविषयी आणि तिच्या मुलीविषयी.

हे नाटक १८८४ सालचं. त्या नोव्हेंबरात कोपनहेगनला ते पुस्तकरूपानं आलं आणि १८८५च्या जानेवारीत नॉर्वेतल्या बर्गन शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. १८८४ हे वर्ष नॉर्वेतल्या स्त्रियांच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. विद्यापीठाच्या सगळ्या पदव्यांचे दरवाजे त्याच वर्षी त्यांना खुले झाले. विवाहित स्त्रीला स्वतःची वेगळी मालमत्ता राखता यावी म्हणून त्याच वर्षी चार मोठ्या लेखकांनी संसदेकडे अर्ज केला. ब्यर्नसन, योनास ली, शेलान आणि चौथा इब्सेन. कायदा व्हायला १८८८ साल उजाडलं. तोवर लग्न झालेल्या बाईच्या स्वतःच्या कमाईवरही कायद्यानं ताबा नवऱ्याचा होता. हा अर्ज आणि हे नाटक एकाच वर्षातले आहेत, एवढं ध्यानात ठेवा. पुढं त्याची गरज पडेल.

आता कथा. याल्मार एकदाल हा छायाचित्रकार. वरच्या मजल्यावर, छताला काचा असलेल्या एका मोठ्या खोलीत त्याचा स्टुडिओ आणि तिथंच त्याचं घर. बायको गीना, हेडविग नावाची मुलगी, आणि म्हातारे वडील. हे वडील एके काळी लष्करात लेफ्टनंट होते, शिकारी होते, होकोन वेर्ले नावाच्या धनिकाचे भागीदार होते. सरकारी जंगलात बेकायदा झाडतोड झाली, खटला उभा राहिला, वेर्ले सुटला आणि एकदाल तुरुंगात गेला. सुटून आल्यावर तो वेर्लेच्याच कचेरीतून नक्कल करायला कागद आणतो आणि मिळालेल्या पैशांतून चोरून दारू पितो. स्टुडिओच्या मागं एक मोठा माळा आहे. त्यात ससे, कबुतरं, कोंबड्या, सुकलेली ख्रिसमसची झाडं, आणि एका टोपलीत एक जखमी रानबदक. म्हातारा त्या माळ्यात लेफ्टनंटची जुनी टोपी घालून शिकारीला जातो आणि सशांवर पिस्तूल झाडतो. याल्मारही त्या माळ्यात रमतो. शिवाय तो एक शोध लावणार आहे. छायाचित्रणाच्या धंद्याला कलेच्या आणि विज्ञानाच्या पदवीला नेऊन बसवणारा शोध, बापाची गेलेली अब्रू परत आणणारा शोध. त्या शोधाचा विचार तो रोज दुपारी जेवणानंतर कोचावर पडून करतो.

वेर्लेचा मुलगा ग्रेगर्स बऱ्याच वर्षांनी गावी परततो आणि त्याला कळतं की पूर्वी आपल्याच घरी कामाला असलेली गीना आता याल्मारची बायको आहे. आपल्या बापानं तिला नादी लावलं, आणि नंतर याल्मारला धंद्यासाठी पैसे देऊन त्याच्याशी तिचं लग्न लागेल अशी व्यवस्था केली. हेडविगची नजर हळूहळू जाते आहे. वेर्लेचीही जाते आहे. ग्रेगर्सला वाटतं, याल्मारला सत्य सांगितलं की खोट्यावर उभा असलेला हा संसार खऱ्यावर उभा राहील. तो सत्य सांगतो आणि दुसऱ्या दिवशी हेडविग मरते.

या नाटकावरची चर्चा जवळजवळ नेहमी दोन पुरुषांमध्ये चालते. एका बाजूला ग्रेगर्स, सत्याचा आग्रही. दुसऱ्या बाजूला खालच्या मजल्यावर राहणारा डॉक्टर रेलिंग. त्याचं म्हणणं असं की सामान्य माणसाला जगायला एखादं खोटं लागतं आणि ते काढून घेतलं तर त्याचं सुखही जातं. मग समीक्षक विचारतात, बरोबर कोण? इब्सेन कोणाच्या बाजूनं? आधीच्या नाटकांत सत्याचा झेंडा खांद्यावर घेणाऱ्या इब्सेननं इथं तो खाली ठेवला का? प्रश्न मोठे आहेत, त्यांवर चांगलं लिहिलं गेलं आहे. पण ही सगळी चर्चा भ्रम असावा की नसावा याची आहे. तो भ्रम रोज चालू ठेवायला काय लागतं आणि ते कोण पुरवतं, हा प्रश्न मला त्याहून निकडीचा वाटतो. इब्सेननं त्याचं उत्तर प्रवेशाप्रवेशात लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या अंकाची सुरुवात पाहा. संध्याकाळची वेळ. याल्मार वेर्लेकडे मेजवानीला गेला आहे. गीना शिवणकाम करते आहे, हेडविग डोळ्यांवर हात धरून पुस्तक वाचते आहे. आई तिला वाचन थांबवायला सांगते आणि वही काढते. मग दोघी मिळून दिवसाचा खर्च मांडतात. लोणी किती लागलं, सॉसेज, चीज, हॅम, आणि बिअर. बिअरची बाब आली की बेरीज चढते. बिअर याल्मारला लागते. मेजवानीमुळे आज त्याच्यासाठी वेगळं रांधावं लागलं नाही, तेवढाच खर्च वाचला, याचंही त्या दोघींना समाधान आहे. काही फोटोंचे पैसे आले आहेत तेही टिपले जातात. पूर्ण नाटकात या घराचं खरं अर्थकारण कळतं ते या चार-सहा वाक्यांत, आणि ते दोन बायकांच्या तोंडी आहे. त्यातली एक अजून १४ वर्षांचीही झालेली नाही.

याच प्रवेशात पुढं एक बारीक गोष्ट येते. घरातली एक खोली भाड्यानं द्यायची आहे. ती अजून गेलेली नाही. मायलेकी म्हणतात, आज गेली नाही ते एका परीनं बरंच झालं. आज तो मेजवानीहून खुशीतच येईल. खोली गेल्याची बातमी दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी उपयोगी पडेल. या बोलण्याशी मी नेहमी थांबतो. घरातल्या कर्त्या पुरुषाचा मूड सांभाळण्यासाठी या दोघी चांगल्या बातम्या शिलकीत ठेवतात. पैशांचा हिशेब झाला की लगेच त्या आनंदाचा हिशेब करतात, आणि दोन्ही हिशेब एकाच सुरात, एकाच वहीतले असावेत तसे चालतात.

मग याल्मार येतो. मेजवानीत काय घडलं ते प्रेक्षकांनी पहिल्या अंकात पाहिलं आहे. कोणती वाइन कोणत्या सालची चांगली, यावरून पाहुण्यांनी त्याची टर उडवली होती. त्याचा बाप तिथल्या खोलीतून गेला तेव्हा यानं तोंड फिरवलं आणि ओळख दाखवली नाही. घरी येऊन मात्र तो तीच वाइनची माहिती आपण पाहुण्यांना ऐकवली असं सांगतो. बायको, मुलगी, बाप तिघंही कौतुकानं ऐकतात. हेडविगला त्यानं मेजवानीतून काहीतरी चांगलं खायला आणायचं कबूल केलेलं असतं. ती खिशाकडे बघते. तो विसरला आहे. मग खिशातून मेजवानीच्या पदार्थांची छापील यादी काढतो आणि तिला देतो. ती वाच, प्रत्येक पदार्थाची चव कशी होती ते मी तुला सांगेन, असं म्हणतो. हेडविग डोळ्यांतलं पाणी परतवते आणि आभार मानते. त्यावर तो चिडतो, घरच्या कर्त्याला किती गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात आणि एक विसरली की लगेच तोंडं वाकडी होतात, म्हणून. मग या दोघी काय करतात? हेडविग बासरी हवी का विचारते. बिअर आणू का विचारते. शेवटी तो बिअर नको म्हणून बासरी मागतो, ती आणून देते, आणि घरात पुन्हा गोडी नांदते.

याल्मार वाईट माणूस नाही. इब्सेननं या भूमिकेविषयी रंगभूमीच्या लोकांना स्पष्ट कळवलं होतं की नटानं याल्मारची टवाळी करू नये, त्याच्या भावना खऱ्या आहेत असंच दिसायला हवं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. याल्मारला मुलीबद्दल खरोखर प्रेम आहे. तो मिठी मारतो तेव्हा मनापासून मारतो. फक्त त्याच्या प्रेमाला काही करावं लागत नाही. प्रेम वाटलं की त्याचं काम संपतं आणि ते निभावण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे जातं. आपल्याकडच्या घरांत हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की याल्मारला परदेशी समजणं मला जमत नाही.

तिसऱ्या अंकातली सकाळ तर याहून कठोर आहे. फोटोंचं रिटचिंग राहिलं आहे. रिटचिंग म्हणजे सुरकुत्या, डाग, दोष बारीक कुंचल्यानं घालवणं. या घराचा धंदाच तो. हे काम याल्मारनं करायचं आहे, पण माळ्यावर बदकाच्या पाण्याच्या कुंडाकडे जाणारी वाट नीट करायची आहे, आणि त्याचं मन तिकडं ओढ घेतं. हेडविग म्हणते, मी करते. तिचे डोळे अधू आहेत आणि पुढं जाणार आहेत, हे याल्मारला पक्कं माहीत आहे. आदल्याच रात्री त्यानं ग्रेगर्सला हे कळवळून सांगितलं आहे. डोळ्यांमुळेच तिला शाळेतून काढलं आहे. घरी शिकवायचं त्यानं कबूल केलं होतं, त्याला वेळ मिळालेला नाही. तिनं टोपल्या आणि गवताच्या वेण्या विणायला शिकावं, असं त्याचं मत आहे. तोच बाप आता कुंचला तिच्या हाती देतो. आणि देताना बजावतो की डोळ्यांना त्रास करून घेऊ नकोस, झाला तर जबाबदारी तुझी, माझी नाही. मग तो माळ्यात जातो. विद्यापीठाच्या सगळ्या पदव्यांचे दरवाजे मुलींना खुले झाले त्या वर्षी इब्सेन ही मुलगी लिहीत होता.

म्हणजे माळ्यातलं जंगल कशावर चालतं ते आता दिसतं. हेडविगच्या उरलेल्या नजरेवर आणि गीनाच्या हातांवर. ग्राहकांचे फोटो गीना काढते, धंदा तीच चालवते. याल्मार ग्रेगर्सला सांगतो की रोजचं किरकोळ काम मी तिच्यावर सोपवलं आहे, म्हणजे मला मोठ्या गोष्टींचा विचार करता येतो. लग्नाआधी रिटचिंग गीनाच शिकलेली होती. म्हणजे ज्या धंद्याला तो पदवीला नेणार आहे, तो त्याच्या घरात आला तोही तिच्या हातांतून. आणि तरी ती अडाणी, शब्द चुकीचे वापरणारी बायको आहे आणि तो तिचं बोलणं सुधारतो.

ग्रेगर्स तरी काय वेगळं करतो? भाड्याच्या खोलीत राहायला आल्यावर आपलं सगळं आपण करायचं असा त्याचा बाणा आहे. पहिल्याच सकाळी तो स्टोव्ह पेटवतो, धुराची वाट बंद करून टाकतो, खोलीत धूर कोंडतो, तेव्हा विस्तवावर पाण्याचं भांडं ओततो. सगळी जमीन चिखलानं भरते. ती पुसून घ्यायची व्यवस्था करते गीना. दोन वाक्यांत हे सांगून नाटक पुढं जातं. पण मला वाटतं ग्रेगर्सच्या सगळ्या तत्त्वज्ञानाची ओळख इब्सेननं इथं करून दिली आहे. भ्रमात राहणारा पुरुष आणि भ्रम मोडणारा पुरुष दोघंही या घरात येऊन जी घाण करतात ती निपटायला बाई एकच आहे.

चौथ्या अंकात याल्मार बाहेरून सत्य ऐकून येतो आणि गीनाला जाब विचारतो. हा प्रवेश इब्सेननं लिहिलेल्या सर्वोत्तम प्रवेशांपैकी एक आहे असं माझं मत आहे. वेर्लेशी तुझा संबंध होता का? गीना टाळाटाळ करत नाही. कामावर असताना तो मागं लागला होता, तेव्हा तिनं दाद दिली नाही. मालकिणीनं मात्र संशयानं तिचं जगणं मुश्कील केलं, म्हणून तिनं नोकरी सोडली. पुढं आईनं भरीला घातलं, वेर्लेची बायको वारली होती, आणि त्यानं हवं ते करून घेतलं. हे आधी का सांगितलं नाहीस? सांगितलं असतं तर तुम्ही लग्न केलं नसतं. इतकी वर्षं तू रोज पश्चात्तापात जळत नव्हतीस का, असं याल्मार विचारतो. गीना सांगते की घर आणि रोजची कामं यांतून तिला सवडच नव्हती.

यावर अनेक प्रयोगांत हशा येतो. मंदबुद्धी बाईचं बोलणं म्हणून हशा. मला त्या हशाचा राग येतो. गीनानं दिलेलं उत्तर पूर्ण खरं आहे. पश्चात्ताप करायलाही रिकामा वेळ लागतो आणि तो या घरात फक्त एका माणसाकडे आहे. शिवाय ज्या गोष्टीचा पश्चात्ताप तिनं करावा अशी अपेक्षा आहे, ती एका श्रीमंत मालकानं आपल्या एके काळच्या मोलकरणीवर केलेली जबरदस्ती आहे. त्याबद्दल वेर्लेला कोणी जाब विचारत नाही. ग्रेगर्स बापाशी भांडतो, पण आपल्या आईच्या अपमानासाठी आणि म्हाताऱ्या एकदालसाठी. गीनावर अन्याय झाला हे शब्द त्याच्या तोंडून येत नाहीत. तिची गणना तो सत्य सांगण्याच्या यादीत करतो, दुखावलेल्यांच्या यादीत करत नाही.

इब्सेनच्या चरित्रातली एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. तरुणपणी ग्रिमस्टाड गावात तो औषधाच्या दुकानात उमेदवारी करत होता. त्याच घरात एल्से सोफी नावाची मोलकरीण होती. १८४६ साली तिला त्याच्यापासून मुलगा झाला. त्या मुलाच्या पोषणाचे पैसे इब्सेनला कित्येक वर्षं द्यावे लागले, पण त्यानं त्याला जवळ केलं नाही. हेडविग हे नाव त्याच्या आवडत्या बहिणीचं. दिवाळखोरीत गेलेला बाप आणि शहराबाहेरच्या घरातला अडगळीचा माळा हेही त्याच्या लहानपणातलं. या नाटकावर लिहिणारे बाप, बहीण आणि माळा आवर्जून सांगतात. मोलकरणीचा उल्लेख करताना आवाज खाली येतो. लेखकाच्या आयुष्यावरून नाटकाचा अर्थ लावू नये हे मला मान्य आहे. पण कष्टकरी बाईच्या उत्तरांना नाटकात इतकं वजन देणारा लेखक तशा बाईचं देणं लागत होता, हे विसरून मी गीनाचे संवाद वाचू शकत नाही.

आपल्या रंगभूमीवर नवऱ्याचा संसार कष्टांवर ओढणारी बाई म्हटली की सिंधू डोळ्यांसमोर येते. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलं आणि बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. सिंधू दळण दळते आणि सगळं नाट्यगृह रडतं. गडकऱ्यांच्या प्रतिभेला नमस्कारच आहे. पण सिंधूचे कष्ट तिच्या पातिव्रत्याच्या प्रभावळीत बसवलेले आहेत. ती दुःखानं उजळते. गीनाला इब्सेननं कुठलीच प्रभावळ दिली नाही. ती पतिव्रता नाही, त्यागमूर्ती नाही, तिला गाणं नाही, तिच्यासाठी कोणी रडत नाही. ती लोण्याचा हिशेब लिहिते. स्त्रीच्या कामाकडे काम म्हणून बघायला लावणं या बाबतीत ३५ वर्षं आधीचं हे नाटक मला पुढचं वाटतं. दोन्ही नाटकांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हा फरक बोलून दाखवतो.

मिसेस सोर्बीबद्दल थोडक्यात सांगतो. ती वेर्लेची घर सांभाळणारी बाई, आता त्याची बायको होणार आहे. दोघांनी एकमेकांना आपापला सगळा भूतकाळ सांगितला आहे. ग्रेगर्स ज्या सत्यावर उभ्या लग्नाचं स्वप्न बघतो ते याच दोघांचं आहे. आणि तरी तिची भूमिका काय? आंधळ्या होत जाणाऱ्या म्हाताऱ्याचे डोळे व्हायचं. खोट्यावरच्या संसारात बाईनं नवऱ्याचा भ्रम सांभाळायचा आणि खऱ्यावरच्या संसारात नवऱ्याला. तिनं हे डोळसपणे स्वीकारलं आहे, तिला मी दोष देणार नाही.

तिनंच हेडविगच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी वेर्लेचं पत्र आणून दिलेलं असतं. म्हाताऱ्या एकदालला महिना १०० क्रोनर, आणि त्याच्यानंतर तेच हेडविगला, आयुष्यभर. याल्मारच्या मनात प्रश्न उभा राहतो. तो पत्र टराटरा फाडतो आणि गीनाला विचारतो, हेडविग माझी आहे का? गीना म्हणते, मला माहीत नाही. तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान न्यायला येतो तेव्हा गीना त्याच्यापुढं कॉफी, लोणी-पाव आणि खारवलेलं मांस ठेवते. तो खातो. खाता खाता दोन दिवस राहायला हरकत नाही असं ठरतं. मग तो पत्राचे तुकडे उचलतो आणि मागून कागदाची पट्टी लावून चिकटवतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू फाडायचा मला अधिकार नाही, असं कारण देतो. सुरुवातीला मी कायद्याचा उल्लेख केला तो यासाठी. बायकोची कमाई आपली मानायला ज्याला कधी अडचण आली नाही, त्याला मालकीहक्काची आठवण येते ती १०० क्रोनरच्या कागदापाशी.

या न्याहारीच्या वेळी हेडविग माळ्यात असते. आदल्या रात्री बाप तिला झिडकारून गेला. ती त्याला बिलगायला गेली तेव्हा त्यानं तिला दूर सारलं. त्यानंतर ग्रेगर्सनं तिला सुचवलं की तुझ्या जिवापलीकडची जी वस्तू आहे, ते रानबदक, त्याचा बाबांसाठी बळी दे, म्हणजे त्यांना तुझं प्रेम पटेल. आजोबांचं पिस्तूल घेऊन ती माळ्यात जाते. गोळीचा आवाज येतो. बदक जिवंत असतं.

एवढ्याशा मुलीला हे कसं सुचलं, असा प्रश्न प्रेक्षकांना पडतो, आणि उत्तर म्हणून ग्रेगर्सकडे बोट दाखवलं जातं. ग्रेगर्सचा अपराध मोठा आहे. पण तो या घरात आला तो दोन दिवसांपूर्वी. हेडविगला तिच्या भूमिकेची तालीम त्याआधी १३ वर्षं मिळाली होती. खाऊ आला नाही तर डोळ्यांतलं पाणी परतवायचं. शाळा सुटली तर बाबांना वेळ मिळेल तोवर थांबायचं. बाबांना माळ्यात जायचं असेल तर आपले डोळे द्यायचे, आणि डोळ्यांची जबाबदारीही आपणच घ्यायची. घरात नाराजी झाली की बिअर आणायची. या घरात प्रेम म्हणजे स्वतःजवळचं काहीतरी सोडणं, आणि ते फक्त बाईमाणसांनी सोडायचं असतं, हे ती बघत बघत मोठी झाली. ग्रेगर्सनं बळीची भाषा आणली तेव्हा ती भाषा तिला येतच होती. बदकाच्या जागी स्वतःला ठेवणं हे तिच्या हिशेबात एकच पाऊल पुढं होतं. ज्या दिवशी ती १४ वर्षांची होणार त्या दिवशी तिनं ते उचललं.

म्हणून भ्रम बरा की सत्य बरं या वादात मला ना ग्रेगर्सची बाजू घेता येते ना रेलिंगची. रेलिंगचा भ्रम हेडविगचे डोळे खात होता. ग्रेगर्सच्या सत्यानं तिचा जीव घेतला. दोघांनी याल्मारला काय झेपेल याचा विचार केला. रेलिंगनं पोरीच्या वयाबद्दल एकदा सावध केलं खरं, पण कुंचला तिच्या हातून काढून घ्यायला तोही आला नाही.

शेवटच्या प्रवेशात हेडविगला माळ्यातून आणतात तेव्हा याल्मार आकाशाकडे मुठी वळून मोठमोठ्यानं बोलतो. ती क्षणभर परत आली तर माझं तिच्यावर किती प्रेम होतं ते तिला सांगीन, असं म्हणतो. गीना तिचा एक हात धरून त्याला म्हणते की आता ती आपल्या दोघांची निम्मी निम्मी झाली. ज्या प्रश्नावरून घर मोडायला निघालं होतं त्याचं उत्तर तिनं दिलं, आणि तेही वाटणीच्या, हिशेबाच्या शब्दांत, कारण ती भाषा तिची आहे. मग तिच्यासोबत त्यालाही हात लावायला सांगते, आणि दोघं मिळून मुलीला तिच्या खोलीत नेतात. नाटकभर घरचं कुठलंही ओझं दोघांनी मिळून उचललेलं दिसत नाही. हे पहिलं.

यानंतर रेलिंग आणि ग्रेगर्स मागं राहतात आणि त्यांचा वाद पुन्हा सुरू होतो. रेलिंग भाकीत करतो की वर्षही उलटायच्या आत हेडविगचं मरण हा याल्मारला सुंदर भाषण करायचा एक विषय होऊन बसेल. ते खरं ठरेल यात मला शंका नाही. पण बघा, दोन शहाणे पुरुष प्रेत आत नेल्यावरही तिथंच उभे राहून अजूनही याल्मारचं काय होणार यावरच पैज लावतात. वर्षानंतर गीनाचं काय होईल याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. आता हिशेबाच्या वहीपाशी ती एकटी बसेल, रिटचिंगही तिलाच करावं लागेल, आणि सासऱ्यानं माळ्यात पिस्तूल नेऊ नये हेही तिलाच बघावं लागेल.

प्रत्येक अंकाचा प्रकाश त्या अंकाच्या वृत्तीप्रमाणे वेगळा असावा, अशीही सूचना इब्सेननं दिलेली होती. शेवटच्या अंकात सकाळचा थंड, करडा उजेड आहे आणि छताच्या काचांवर ओला बर्फ साचला आहे. मराठीत कोणी हे नाटक करायला घेतलं तर माझं एकच मागणं आहे. तो उजेड शेवटी त्या दोन वाद घालणाऱ्या पुरुषांवर जाऊ देऊ नका. गीना ज्या दारातून आत गेली ते दार उघडं ठेवा आणि ती आत काय करते आहे ते प्रेक्षकांना दिसू द्या.